सदलगे मास्तरांचा रविवार

सदलगे मास्तरांना खुर्चीचं वावडं होतं. जे. पी. नगरातल्या माझ्या घरी शनिवारी सकाळी जर्मनचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे काय, जेवणाचं टेबल भिंतीकडे सरकवायचं, खुर्च्या ओळीत मांडायच्या आणि फळा पुसायचा. मास्तर आले की आधी आपल्या वाटची खुर्ची उचलून बाल्कनीत नेऊन ठेवत आणि मग पूर्ण वेळ वर्गाच्या मागच्या बाजूला येरझारा घालत. मी फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून मोज्यातल्या पावलांची घासघास ऐकू यायची. हा माणूस आत्ता निघून जाणार, असं मला पहिले काही शनिवार सारखं वाटत राहिलं. वैतागून बसायला सांगितलं, तर म्हणायचे, बसलं की माझं डोकं चालत नाही बघा मॅडम.

ते पी.टी.चे मास्तर. मूळचे निपाणीकडचे, पण उभं आयुष्य बनशंकरीतल्या एका कन्नड शाळेच्या मैदानावर गेलेलं. गल्लीतले लोक त्यांना कन्नडमध्ये 'मेष्ट्रु' म्हणत. सत्तरीला आले होते, तरी पोट सपाट, पाठ ताठ आणि आवाज असा की त्यांनी हळूच 'पाणी मिळेल का' विचारलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक भांडं घेऊन उठतील. बायको काही वर्षांपूर्वी गेली होती. सकाळचं खाणं कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, उभ्यानंच. दुपारचं घरी, तेही बहुधा उभ्यानंच असणार, मी काही पाहायला गेले नव्हते.

माझ्याकडे येणारी बाकीची पोरं आयटीतली. पुण्याची, नागपूरची, हेब्बाळच्या बाजूला राहणारी, शहराच्या या टोकाला येईपर्यंत ट्रॅफिकनं अर्धमेली झालेली. त्यांना देश बदलायचा असतो, भाषा हा वाटेतला टोलनाका. मी स्वतः पुण्याची, लग्न होऊन इथं आले आणि तेव्हापासून जर्मन शिकवून चार पैसे मिळवते. या भाषेवर माझं प्रेम आहे का, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते. मास्तर या सगळ्यांत बसत नव्हते. त्यांना कुठं जायचं नव्हतं, कुठली परीक्षा द्यायची नव्हती, आणि भाषा तर त्यांना मुळीच आवडत नव्हती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं होतं.

"मी हौसेनं आलेलो नाही, मॅडम," ते म्हणाले होते. "चूक पोराची, शिक्षा बापाला, असं झालंय."

पोरगा म्हणजे संदीप, एकुलता एक. शिकायला जर्मनीत गेला, तिथंच नोकरीला लागला, कात्रिन नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्यांना लीना झाली. संदीपनं तिच्याशी मराठीचा एक शब्द काढला नाही. म्हणे दोन भाषांनी मूल गोंधळतं. रविवारी दुपारी फोन यायचा, तिकडे सकाळ असायची. आजोबा काहीतरी बोलायचे, संदीप ते जर्मनमध्ये सांगायचा, लीना काहीतरी बोलायची, ते उलट यायचं. तेवढ्यावर मास्तर आठवडा काढायचे. मग संदीप आणि कात्रिनचं फाटलं. संदीप सिंगापूरला नोकरी घेऊन निघून गेला, आणि मधला दुभाषाच गेला.

कात्रिन सरळ बाई असावी. नवरा गेल्यावरही ती रविवारी नेमानं फोन लावून लेकीला समोर बसवायची. तिच्याशी मास्तरांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत निभायचं, पण पाच वर्षांच्या लीनाला इंग्रजी कुठलं यायला. आजोबा हसायचे, हात हलवायचे, नात हात हलवायची, आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही कळायचं नाही. एका रविवारी ती आलीच नाही. कात्रिननं संकोचून सांगितलं की ती म्हणते, आजोबा नुसते हसतात, मला कंटाळा येतो. हे सांगताना मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आणखी वर्षभर असंच चाललं तर ती मला विसरेल, एवढंच म्हणाले, आणि फी विचारून मोकळे झाले.

तर असा हा विद्यार्थी. पहिल्या महिन्यात त्यांनी जर्मन भाषेशी जे वैर केलं, तसं मी दुसरं पाहिलं नाही. प्रत्येक शब्दाला ते मनात संदीपच्या नावानं एक शिवी देत असावेत. पोरगी आपली, रक्त आपलं, आणि तिला 'बाळ, ये' म्हणायला मी पैसे भरून शिकायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. उच्चार करताना चेहरा असा व्हायचा की मागच्या खुर्चीवरची एक विद्यार्थिनी खाली मान घालून हसायची. मी तर ठरवूनच टाकलं होतं की हे दिवाळीपर्यंत टिकत नाहीत.

ते टिकले, आणि नुसते टिकले नाहीत तर एके दिवशी अचानक त्यांची आणि त्या भाषेची सोयरीक जमली. झालं असं की आयटीतली पोरं रडत होती, प्रत्येक वस्तूला लिंग कशाला म्हणून. मास्तर मागून गरजले की टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो म्हणताना कधी रडलास का रे? पोरं वळून बघायला लागली. मास्तर स्वतःही जरा चमकले. ही भाषा आपल्यासारखीच आडमुठी आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं असावं. त्या दिवशी जाताना ते दारात मला म्हणाले की काय ओ मॅडम, ही तर आपल्या वळणाचीच निघाली.

मग मात्र त्यांनी तिला मैदानावर आणलं. बनशंकरीच्या पार्कात ते सकाळी म्हाताऱ्यांकडून फुकट व्यायाम करून घेत. त्या बिचाऱ्यांच्या कानी 'ओंदु, एरडु, मूरु'च्या जागी 'आइन्स, त्स्वाय, द्राय' पडू लागलं. हात वर, हात खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळं जर्मनमध्ये. मी एकदा मुद्दाम पाहायला गेले. साडी खोचलेल्या बायका आणि माकडटोप्या घातलेले आजोबा बर्लिनच्या शाळेतल्यासारखे एका सुरात आकडे म्हणत होते. एका आजींना मी कन्नडमध्ये विचारलं की हे काय चाललंय, तर त्या म्हणाल्या, नवा प्राणायाम आहे, गुडघ्याला फार चांगला. मास्तरांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दर शनिवारी ते रविवारची तयारी करून घेत. त्यांना काय हवं असे? प्रश्न. जेवलीस का, हे पहिलं. मग काय जेवलीस, गरम होतं का, एवढंच का, झोप झाली का, स्वेटर घातलास का, शाळेत कुणी सोडलं, आई घरी आहे का, आई किती वाजता येते, ती येईपर्यंत तुझ्याजवळ कोण असतं. मी वाक्यं बांधून देई, ते येरझारा घालत घोकत. आणि रविवारी ही सगळी फैर ते लीनावर झाडत. आता गंमत अशी की लीनाला ते आवडायचं. जे आजोबा नुसते हसायचे ते बोलायला लागले होते. ती भराभर उत्तरं द्यायची, मास्तरांना निम्मी कळायची, उरलेली ते मला येऊन विचारायचे.

ते दिवस त्यांचे सुखाचे. वर्गात शिरतानाच बातमीपत्र सुरू व्हायचं. लीनानं रविवारी ब्रेडला नुसतं लोणी लावून खाल्लं. लीनाच्या आईला मंगळवारी उशीर झाला, पोरगी शेजारणीकडे बसली होती. लीनाला सर्दी झाली पण टोपी घालत नाही. नागपूरचा पोरगा म्हणायचा, सर, तुम्हाला आमच्या आईपेक्षा जास्त माहिती असते. आम्हाला कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? आपल्याकडे आजोबांनी दुसरं काय विचारायचं असतं? आणि मास्तर तर खुशीत होते. मला म्हणाले होते, मॅडम, ही भाषा लई गोड आहे हो, उगाच शिव्या दिल्या.

पण तिकडे आणखी एक गोष्ट चालली होती. लीनानं सुट्टीत कुणाकडे राहायचं, किती राहायचं, यावरून संदीप आणि कात्रिनचे वकील आपसांत बोलत होते. मास्तरांना हे अर्धवट माहीत होतं. पोरीच्या जेवणाशी त्याचा काही संबंध असेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एका शनिवारी ते वर्गात आले, पण खुर्ची उचलली नाही. दाराशीच उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं. मी पोरांना एक धडा वाचायला लावून बाहेर आले. मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. मला आता हे नको, म्हणाले.

गेल्या रविवारी ते नेहमीप्रमाणे विचारत असताना कात्रिन मध्ये आली होती. तिनं लीनाला आत पाठवलं, फोन हातात घेतला आणि जर्मनमध्येच बोलली. इंग्रजीत नाही. म्हणजे आजोबांना आता जर्मन येतं, हे ती धरूनच चालली होती. ती म्हणाली की दर रविवारी तुम्ही माझ्या मुलीची उलटतपासणी घेता. काय खाल्लं, मी घरी होते की नव्हते, ती कुणाजवळ होती. हे संदीपला हवंय, हे मला कळतं. मी चांगली आई आहे. आता काही दिवस फोन नको.

"सगळं कळलं मला, मॅडम," मास्तर म्हणाले. "डिक्शनरी न बघता. एक शब्द सुटला नाही." जिन्याच्या कठड्यावर त्यांनी हात ठेवला होता. "नुसता हसत होतो, तेव्हा बरा होतो."

मला त्या कात्रिनचा संताप आला. आजोबांनी जेवलीस का विचारलं तर त्यात तपासणी कसली, असं मी मोठ्यांदा बोललेसुद्धा. पण घरात येऊन विचार केला तर तिचंही मला पटायला लागलं. एकटी बाई, दोन्हीकडे वकील, आणि नवऱ्याचा बाप दर आठवड्याला तिच्या लेकराला विचारतो की आई किती वाजता आली. मीही घाबरले असते. त्या दिवशी वर्गात मी पोरांवर विनाकारण चिडले.

पुढचे कित्येक शनिवार मास्तर आले नाहीत. पार्कातले आकडे पुन्हा कन्नडमध्ये सुरू झाल्याचं भाजीवाल्या अक्कांकडून कळलं. मी एकदा फोन केला तर म्हणाले की त्या भाषेचं नाव काढू नका, तिनंच माझा घात केला. अंगणातल्या माणसाला उंबऱ्यापर्यंत बोलावून तोंडावर कडी लावून घेतली म्हणे. तुम्ही कसे आहात, एवढं विचारून मी फोन ठेवला.

आणि मग एका आडवारी, दुपारी, घंटा वाजली. मी दार उघडलं तर मास्तर. घामाघूम झालेले, बनशंकरीहून चालत आलेले. रिक्षात बसावं लागतं म्हणून ते रिक्षानं येत नसत. आत येऊन त्यांनी माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाले, बघा.

त्यांनी सकाळी फिरून व्हिडिओ काढला होता. घरातून निघून बसथांब्यापर्यंत, वाटेत भेटेल त्याचा. इस्त्रीवाला समोरून येणाऱ्या वॉचमनला विचारतोय, 'ऊटा आयता?' जेवण झालं का, म्हणून. वॉचमन म्हणतो 'आयतु' आणि उलट तेच विचारतो. फुलं विकणारी अक्का रिक्षावाल्याला विचारतेय. बँकेतून बाहेर पडणारे एक साहेब मास्तरांनाच विचारताहेत. वर्गातल्या दोन पोरांना आपापल्या आयांशी फोनवर बोलायला लावून त्यांनी तेही त्यात जोडलं होतं, एक पुण्याची, एक नागपूरची. दोघींचाही पहिला प्रश्न तोच. उत्तराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रिक्षावाला तर उत्तर द्यायच्या आधीच निघून गेला होता.

"हे तिला पाठवायचंय," मास्तर म्हणाले. "खाली चार ओळी लिहून द्या. इंग्रजीत नको. माझं इंग्रजी म्हणजे सरकारी अर्ज, त्यात मी लाचार दिसतो."

ओळी त्यांच्याच होत्या, मी फक्त चुका काढल्या. आमच्याकडे हे विचारणं म्हणजे नमस्कार आहे. मी तुझ्यावर नजर ठेवत नव्हतो. मला फक्त एवढेच प्रश्न येतात, कारण माझ्या आईनं मला हेच विचारलं आणि मी पोरालाही हेच विचारलं. तू चांगली आई आहेस. शेवटचं वाक्य लिहिताना ते थांबले. संदीपला कळलं तर तो काय म्हणेल, हे त्यांच्या मनात आलं असणार. पण वाक्य राहू दिलं.

संदीपला ते कुठून तरी कळलं, आणि तो जे काही म्हणाला ते मास्तरांनी मला पूर्ण सांगितलं नाही. तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात, असं विचारून त्यानं फोन आपटला, आणि नंतर तो बापाचा फोन उचलेना. आईच्या श्राद्धाच्या दिवशीसुद्धा उचलला नाही. मास्तर हे इतक्या तुटक आवाजात बोलले की मी उगाच चहा टाकायला आत गेले. एक हात धरायला गेलो तर दुसरा सुटला, असं ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले.

कात्रिनचं उत्तर मात्र आलं. व्हिडिओ तिनं आईवडिलांनाही दाखवला होता, आणि रिक्षावाल्यावर सगळे हसले होते. रविवारचा फोन पुन्हा सुरू करू, तिनं लिहिलं होतं, मी शेजारी बसेन. फक्त एक विनंती. सगळं मिटेपर्यंत तुम्ही लीनाला प्रश्न विचारू नका.

आता आली का पंचाईत? प्रश्न न विचारता नातीशी बोलायचं. तुम्ही करून पाहा. मास्तर माझ्या हॉलमध्ये उभे राहून सराव करायला लागले, आणि मी लीना झाले. त्यांचं तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडायचा. मी हात वर करायची. ते ओठ मिटायचे, एक फेरी मारायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा प्रश्न. शेवटी चिडून म्हणाले की मग बोलू काय? माझ्यात सांगण्यासारखं आहे काय? मी म्हटलं, काल काय केलंत ते सांगा. ते म्हणाले, काही नाही केलं. मी म्हटलं, मग तेच सांगा.

ही त्यांची जर्मनशी तिसरी गाठ, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा अवघड होती. आधी ते भाषेवर चिडले होते, मग तिच्यावर लुब्ध झाले होते. आता दोन्ही सरलं होतं. आता ते तिच्यापाशी काहीतरी मागायला येत, आणि मिळेल की नाही याची खात्री नसायची. दिवसभर बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवून यायचे. शेजाऱ्यांच्या गाडीच्या टपावर नारळ पडला. दर्शिनीतल्या माणसानं चटणी संपली म्हणून माझ्याकडे पाठ फिरवली. पार्कातल्या आजी व्यायाम करताना झोपल्या. एवढं सांगायला त्यांना घाम फुटायचा. ज्या माणसानं पोरांना आयुष्यभर 'सावधान' आणि 'विश्राम' एवढंच सांगितलं, तो आता स्वतःचा दिवस उलगडून सांगायला शिकत होता.

रविवारचे फोन ते माझ्या घरून करू लागले. तुम्ही फक्त बाजूला बसा, म्हणायचे, मला धीर येतो. फोन पुस्तकांच्या कपाटावर टेकवायचा, समोर मास्तर उभे, आणि मी फोनच्या कडेला, फळ्याजवळ, स्क्रीन तिरकी दिसेल अशी, अडलेला शब्द लिहून दाखवायला. नारळाच्या गोष्टीत त्यांना 'टप' हा शब्द आठवला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर नारळ पाडून दाखवला आणि खाली बसले. लीना इतकी हसली की कात्रिनही हसली. मग लीनानं विचारलं की गाडीला लागलं का? मास्तरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. प्रश्न विचारायची बंदी त्यांना होती, तिला नव्हती.

मग तिनं सपाटाच लावला. तुमचे केस कुठं गेले, तुमच्या रिक्षाला दार का नाही, तुम्ही सारखे चालता का, तुमच्याकडे बर्फ का पडत नाही. मास्तर उत्तरं द्यायचे, चुकायचे, ती त्यांच्या चुका सुधारायची. माझं फळ्यावरचं काम कमी होत गेलं. हळूहळू कात्रिनही शेजारून उठून स्वयंपाकघरात जाऊ लागली. भांड्यांचा आवाज यायचा. मास्तरांनी एकदाही त्याचा फायदा घेतला नाही. एकही प्रश्न नाही. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि मी तो त्यांना सांगितला नाही, कारण मास्तर लोकांना तोंडावर कौतुक केलेलं चालत नाही.

तो रविवारही नेहमीसारखाच सुरू झाला. मास्तर मैदानावर शिरलेल्या गाईची गोष्ट सांगत होते. लीना हातातल्या रंगीत खडूनं काहीतरी चितारत ऐकत होती. गोष्ट संपली. ती हसली नाही. तिनं खडू ठेवला, वर पाहिलं आणि विचारलं की पापा कधी येणार?

वाक्य अगदी सोपं होतं, पहिल्या धड्यातलं. मास्तरांना ते कळलं, हे त्यांची मान ताठ झाली त्यावरून मला कळलं. पण ते म्हणाले, "मला समजलं नाही, बाळ."

लीनानं धीर सोडला नाही. तिला सवय होती. ती फोनच्या जवळ आली आणि एकेक शब्द सुटा करून, हळूहळू, परक्या माणसाशी बोलावं तसं पुन्हा बोलली. पापा. कधी. येणार. वर दाराकडे बोट करून दाखवलं, म्हणजे आजोबांना पक्कं कळावं.

मी तोवर फळ्यावर लिहून टाकलं होतं. पापाला खूप काम आहे, पण त्याचं तुझ्यावर फार प्रेम आहे, आणि तो लवकरच येईल. सुंदर वाक्य होतं, कुठं एक चूक नाही. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी नजर पुन्हा फोनकडे वळवली, आणि बाल्कनीच्या दाराजवळची खुर्ची ओढून तिच्यावर बसले. तोंड लीनाच्या तोंडासमोर आलं.

"मला माहीत नाही," ते जर्मनमध्ये म्हणाले. मग थोडं थांबून, "इश वार्टे आउख." मीही वाट बघतोय.

पलीकडे स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. लीना आजोबांकडे बघत राहिली. तिनं कुठलीच चूक काढली नाही. मग ती म्हणाली, ठीक आहे, आणि चितारलेला कागद उचलून त्यांना दाखवू लागली. गाय होती, तिला पाच पाय होते. मास्तरांनी पाचवा पाय म्हणजे शेपूट आहे का, असंही विचारलं नाही. छान आहे, म्हणाले.

फोन बंद झाल्यावर ते बराच वेळ बसून होते. मी फळा पुसून टाकला. पाणी आणलं, ते प्यायले. मग उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि दाराबाहेर जाऊन बूट चढवायला लागले. नाड्या बांधताना मान खालीच ठेवून म्हणाले:

"पुढच्या रविवारपासून मी घरूनच बोलतो, मॅडम. तुम्ही असलात की मी तुमच्याकडं बघतो. आणि पोरगी माझ्याकडं बघत असती."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला लागलं. मी शिकवलं, मी वाक्यं बांधून दिली, मी लीना होऊन तुमच्यासमोर उभी राहिले, असं सगळं ओठांवर आलं. आणि त्याच्या मागोमाग हेवा वाटला. इतकी वर्षं मी ही भाषा बोलते, पण बोलताना गळा भरून येईल असं तिच्यात मला कधी काही म्हणावंच लागलेलं नाही.

त्यानंतर मास्तर माझ्याकडे आले नाहीत. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, बाल्कनीतून. उन्हात, गल्लीच्या मधोमध, बनशंकरीच्या दिशेनं भरभर चालले होते. कोपऱ्यावर पोचल्यावर ते थांबले, खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि कानाला धरून उभे राहिले. पलीकडून कुणी उचललं नाही. त्यांनी फोन खाली घेतला, तिथंच उभं राहून पुन्हा लावला, आणि कानाशी धरूनच चालायला लागले.